तुझे पाय मी दाबून पाहिले नाहीत

सुजाताताई, एकवीस वर्षं मी तुला अहो-जाहो केलं. सिस्टर, ताई, तुम्ही, बसा, घ्या. आजपासून तू म्हणणार आहे. तुला जाऊन पाच दिवस झाले, आता तू माझं काय वाकडं करणार?

शुद्ध-बिद्धही लिहिणार नाही. रिपोर्टाच्या वहीत आपली बोली आली म्हणून माझी पानंच्या पानं तू लाल पेनानं खोडली आहेत. ही वही तुझ्या हाती लागायची नाही.

सगळे म्हणून राह्यले, सुजाता सिस्टर चालत्या-बोलत्या गेल्या, नशीबवान बाई. सकाळी शेजारीण दूध द्यायला आली तर तू खुर्चीत बसलेली, पाठीमागं दोन उशा, मान एका बाजूला. कोणाला कल्पना नव्हती म्हणे. मी ऐकते आणि मान हलवते. मला कल्पना होती. तू जायच्या बावीस दिवस आधी, दवाखान्यातल्या तुझ्या निरोपाच्या कार्यक्रमात, तुझं हृदय थकलं आहे हे मी हातभर अंतरावरून पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. आणि हे जाणं कसं असतं तेही मला ठाऊक आहे. सुखाचं नसतं ते. छातीत पाणी भरत जातं आणि माणूस कोरड्या घरात बसून बुडतो. हे मला तूच शिकवलं होतं.

परवा प्रज्ञाचा फोन आला. तुझी पोरगी पुण्याहून आली ती अजून घरीच आहे. म्हणाली, "मावशी, आईच्या कपाटात लघवीच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. सारी रिकामी. निरोपाच्या दिवशी तुमीच तिच्याजवळ बसल्या होत्या ना? तुमाले काई दिसलं होतं का?"

मी म्हटलं, फोनवर नको, रविवारी येते तेव्हा बोलू. रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे, कामरगावला, तुझ्याच घरी. हातात तीन दिवस आहेत. त्या पोरीला खरं सांगायचं की नाही ते ठरत नाही म्हणून लिहायला बसली. दुसऱ्या कोणाशी हे बोलायची सोय नाही. एक तू होती.

पहिल्या दिवसाचं तुला आठवत असेल. मी केनवडची, बावीस वर्षांची, ट्रेनिंग संपवून नुकतीच लागलेली. आईनं बजावलं होतं, मोठ्या सिस्टरच्या पाया पडजो. मी वाकली आणि तू मला दंडाला धरून उठवलं. "पाया पडायचं नाई. आमच्यात पडत नाईत, अन् या वार्डात तं कोणीच कोणाच्या पडत नाई. पायावर डोकं ठेवून काय दिसते? अंगठा ठेव. दाब. पाह्य." आणि तसंच धरून मला सहा नंबरच्या खाटेवर नेलं. एक म्हातारे बाबा होते, पाय सुजून टम्म. तू माझा अंगठा धरून त्यांच्या नडगीच्या हाडावर दाबला, पाच मोजले, उचलला. खड्डा पडला. "आता हा केव्हा भरते ते पाह्यत उभी राह्य." मी उभी. बाबांनी विचारलं, "काय पाह्यता वो बाई?"

"तुमचं हृदय पाह्यून राह्यलो बाबा."

"ते तं वरतं हाय ना."

सगळा वार्ड हसला. तू पण हसली. तू हसतेस हे मला तेव्हा कळलं, नंतर बरीच वर्षं पुन्हा पाहायला मिळालं नाही.

तुझी तपासणी रोगी खाटेवर टेकायच्या आधीच सुरू व्हायची. चालल्यावर दम लागतो का, असं तू कधी विचारलं नाही. आपल्याकडच्या बाया त्याला "नाई लागत" असंच उत्तर देतात. दम लागतो म्हणणं म्हणजे कामचुकार म्हणवून घेणं. तू विचारायची, "जीपीतून उतरल्यावर कुठं बसल्या?" जीप थांबते तिथं पानठेला, मग निंबाचं झाड, मग पाण्याची टाकी, मग आपल्या पायऱ्या. टाकीपाशी टेकणारी बाई वेगळी, निंबाखाली टेकणारी वेगळी. पानठेल्यापाशीच, म्हणजे उतरल्या उतरल्या बसली असं कोणी म्हटलं की तू वाक्य पुरं होऊ द्यायची नाही, खाटेचं डोकं वर करायला लावायची. केसपेपरच्या कोपऱ्यात तू एकच शब्द लिहायची, "निंब". नवे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे कोणतं औषध आहे सिस्टर? महिन्याभरात तेच दारातून विचारायला लागले, "सिस्टर, निंब का टाकी?"

रात्री किती उशा घेता, हे पुस्तकात लिहिलेलं मी एकदा एका आजीला विचारलं. तू तिच्या देखतच मला म्हणाली, "हिच्या घरात उशी एकच असन, तेही नवऱ्याजवळ. बसून झोपते का ते विचार." आजी म्हणाली, भिंतीले टेकून झोपते बाप्पा, आडवं झालं का जीव घाबरते. महिनाभरापासून ती भिंतीला टेकून झोपत होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. जोडवं बोटात रुतलं का पाह्य. चपलेच्या पट्ट्याचा वळ उठला का पाह्य. बोलताना वाक्य कुठं तुटते ते ऐक. मानेची शीर बॅटरीच्या उजेडात बाजूनं पाह्य, समोरून दिसत नाई. नख दाब, पांढरं होते, लाल व्हायले किती वेळ लागते ते मोज. वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर, त्याच लुगड्यात. हे तू मला प्रेमानं शिकवलं असं कोणी म्हणू नये. तू हातावर फटके मारले. "तुह्या मायनं तुले डोळे कायले देले, काजळ घालायले?" हे तू मला चार रोग्यांसमोर म्हणाली होती. घरी जाऊन मी आरशात पाहत रडली आणि दुसऱ्या दिवशीपासून काजळ बंद केलं.

पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारी नर्स तुला चोरासारखी वाटायची. पूर्ण मिनिट. आणि नाडी चुकत असली तर आपण दोघी. मी मनगट धरायची, तू छातीला नळी लावायची, घड्याळ एकच, तुझं, दोघींच्या मध्ये. तू मान हलवली की सुरू. वार्डात कोणी ओरडो, कोणी शिव्या देवो, आपण दोघी काट्याकडं. मिनिट झालं की दोघींनी एकदम आकडा सांगायचा. तुझा एकशे अठरा, माझा शहाण्णव. मधले बावीस ठोके हृदयानं मारले होते पण हातापर्यंत आले नव्हते. तू लगेच डॉक्टरांना हाक मारायची. खरं सांगते, माझ्या नवऱ्यासोबत मी इतक्या एकमतानं कधी गप्प उभी राहिली नाही. त्या एका मिनिटात तू माझी कोणीतरी होती. काय होती ते मला कधी म्हणता आलं नाही, आणि तूही म्हणू दिलं नसतं.

आता बेबीबाईचं. ते टाळून पुढं जाता येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ऊसतोडीहून परतलेली, पस्तिशीची बाई. छातीत गॅस धरला म्हणत होती. त्या दुपारी वार्डात मी एकटी, एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं, दोन सलाईन संपत आलेल्या. मी बेबीबाईच्या चार्टवर लिहिलं, नाडी चौऱ्याऐंशी, श्वास वीस. न मोजता लिहिलं. शेजारच्या तिन्ही खाटांवरही वीसच लिहिलं. सगळे लिहितात. वीस हा आकडा नसतो, सही असते. तू त्या दिवशी मीटिंगला गेलेली. चार वाजता आयानं हाक मारली तेव्हा बेबीबाईचे ओठ निळे पडले होते. वाशीमकडं पाठवली. रस्त्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला तिच्याच खाटेवर बसवलं. चादर अजून बदलायची होती. दोन नव्या मुली उभ्या, आया उभी, बाकीच्या रोग्यांचे नातेवाईक डोळे फाडून पाहत. तू घड्याळ काढलं. "मोज. सोताचा श्वास मोज. मोठ्यानं."

मी म्हटलं, सिस्टर, चुकलं. तू म्हणाली, "मोज." मी मोजायला लागली. अकराव्यालाच रडू फुटलं, तरी तू काट्यावरून नजर उचलली नाही. मिनिट झालं.

"किती?"

"छत्तीस."

"काल तिचा किती लिहिला होता?"

मी चादरीकडं पाहिलं. तू पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वीस.

"तुह्या रडण्याले छत्तीस लागते, अन् तिच्या मरण्याले वीस?"

ताई, मी चुकली होती. ते मी तेव्हाही नाकारलं नाही. पण ते वाक्य तू ड्युटी रूममध्ये दार लावून बोलू शकली असती. तू त्याला माणसं जमवली. त्या दोन नव्या मुली आजही माझ्याकडं पाहताना आधी खाली पाहतात. आणि मग चौकशीला मोठे डॉक्टर आले तेव्हा तू म्हणाली, "वार्ड माझा, चूक माझी, काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." माझ्याविरुद्ध एक ओळ कागदावर आली नाही. तू मला वाचवलं. आधी नागडं केलं आणि मग वाचवलं, त्यामुळं मला धड तुझे आभार मानता आले नाहीत आणि धड तुझ्याशी भांडताही आलं नाही. आठ महिने आपण ड्युटीपुरतं बोललो. चावी कुठं आहे. सात नंबरचं वजन झालं का. डबा मी आयासोबत खाल्ला, तू एकटीनं खाल्ला.

मग तू रिटायर झाली.

कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये होता, दुपारी. मी जिन्याच्या खाली उभी होती. तू अर्ध्या जिन्यावर थांबली आणि फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता. तू कोणाशी काही बोलली नाही, नुसता धरून उभी राहिली. बाकीच्या बाजूनं निघून गेल्या. त्यांना वाटलं मॅडम फोनवर आहेत. मी नकळत मोजायला लागली. दोन मिनिटं दहा सेकंद. मग तू फोन पिशवीत टाकला आणि उरलेल्या पायऱ्या चढली.

वर नेमकी माझी खुर्ची तुझ्या शेजारी आली. नव्या जांभळ्या पैठणीखाली तू रबरी स्लिपर घातली होती, तुझ्या मापाहून मोठी. तू, जिनं सणावारीही पांढरे बूट सोडले नाहीत. चिवड्याची बशी तू न पाहता बाजूला सारली. मीठ बंद केलेलं माणूस बशी अशीच सारतं. तासाभरात दोनदा लघवीला उठून गेली. तेव्हाच मला गोळी कळली, पाकिटं आता सापडली. भाषणाला उभी राहिली तर चार शब्दांवर वाक्य तुटत होतं. लोकांना वाटलं गहिवरल्या. दोघी-तिघींनी डोळे पुसले. मी तुझ्या मानेकडं पाहत होती. खिडकीचा उजेड बाजूनं येत होता, शीर कानापर्यंत दिसत होती.

शाल झाली, नारळ झाला, आणि नव्या मुली एकीमागं एक तुझ्या पाया पडायला आल्या. तू पाय खुर्चीखाली ओढले. "आपल्यात पाया पडत नाईत पोरींनो. जयभीम घाला, बस्स." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. एकवीस वर्षं हेच म्हणणारी बाई शेवटच्या दिवशीही तेच म्हणते, याचं सगळ्यांना कौतुक. कोणालाच शंका यायचं कारण नव्हतं, शब्द तेच होते. पण ताई, आधी तू पाय तिथंच ठेवायची आणि वाकणाऱ्या पोरीला दंडाला धरून उठवायची. त्या दिवशी कोणाला धरलं नाही, पाय लपवले. पैठणीचा काठ वर सरकला तेव्हा मला घोटा दिसला. कातडी ताणून चमकत होती आणि स्लिपरच्या पट्ट्याचा वळ खोल रुतलेला होता.

तू वर पाहिलं आणि मी पाहताना तुला सापडली.

"काय पाह्यून राह्यली?"

"काई नाई."

"मोजून राह्यली का?"

तुझ्या डोळ्यात तेव्हा काय होतं ते मी पाच दिवस ठरवून राह्यली. हुकूम होता का विनंती होती. जवळ ये म्हणत होती का दूर हो म्हणत होती. माझा अंगठा तुझ्या पायापासून हातभर होता. वाकून लावला असता तर लोकांना वाटलं असतं पाया पडून राह्यली, कोणाला काही कळलं नसतं. पाच मोजून उचलला असता. मग तुला खाटेवर चढवायला मला कोणाची परवानगी लागली नसती, मी आरडाओरडा करून चढवली असती.

मी म्हटलं, "तुमचं तुमी मोजा. मले कायले?"

हे तुझं-माझं शेवटचं बोलणं.

आणि आता खरं लिहिते, कारण इथं खोटं लिहून कोणाला दाखवायचं आहे? मला बरं वाटलं होतं. तू जिन्यावर थांबली तेव्हा मला बरं वाटलं. फोन धरून नाटक करताना पाहिलं तेव्हा आणखी बरं वाटलं. मनात आलं, आता कळलं ना ताई, श्वास कसा असतो ते. नंतर बावीस दिवस मी रोज म्हटलं, उद्या फोन करीन. आणि रोज म्हटलं, करू दे ना तिलाच. तिला एवढं कळते, तिनं मला हाक मारावी. "संगे, ये, मनगट धर." एवढं म्हटलं असतं तर मी अनवाणी आली असती. मी तुझ्या हाकेची वाट पाहत होती आणि तू बहुतेक माझी वाट पाहत होती. नाहीतर नव्हतीही पाहत. हे आता कोण सांगणार?

मागच्या वर्षी केनवडला लग्नात माझे मामा दोन पायऱ्या चढून कठड्याला टेकले. पाच वर्षं ज्या माणसानं आमच्या घरी पाय टाकला नाही, आईच्या तेरवीलाही आला नाही, त्याला मी भर मांडवातून उठवलं. मामा, आडवं झाल्यावर दम लागतो का? भिंतीला टेकून झोपता का? त्यांनी हो म्हटलं आणि मी जेवणाच्या पंगतीतून गाडी काढायला लावली. आज मामा वावरात जातात. तुझ्यामुळं जातात, हे त्यांना ठाऊक नाही आणि तुला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, म्हणूनच नाही सांगितलं. ज्याच्याशी माझं काही नव्हतं त्याला मी वाचवलं. तू माझी होती, म्हणून तुझा राग धरला.

पण तुझ्याशीही माझं भांडण आहे, ते मेली म्हणून सोडणार नाही. तुला ठाऊक होतं. तू स्वतःच गोळ्या आणून खाल्ल्या, मीठ सोडलं, उशा लावल्या, खुर्चीत झोपली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तू त्याची सालटी काढली असती. "घरी बसून डाक्टरकी करून राह्यले का?" म्हणून किती म्हाताऱ्यांना तू खडसावलं. मग तूच का? आपल्याच वार्डात, आपल्याच खाटेवर, आपणच शिकवलेल्या पोरींच्या हाताखाली झोपायची लाज वाटली? त्या पोरी तुझ्या पायावर अंगठा दाबतील, तुला बसून झोपता का म्हणून विचारतील, आणि कोणी एखादी न मोजता वीस लिहील, याची भीती वाटली? वाटली असेल तर ती भीती मीच तुला दिली. इथं आलं की माझं भांडण संपते आणि मग मी पुन्हा सुरू करते.

तीन दिवस मी हाच घोळ घातला. शनिवारी संध्याकाळी ठरवलं की प्रज्ञाला सगळं सांगायचं. जिना, फोन, स्लिपर, घोटा, आणि मी काय म्हटलं तेही. तिनं तोंडावर थुंकलं तर थुंकू दे. ठरल्यावर जरा मोकळं वाटलं, जेवली, लुगडं इस्त्री करून ठेवलं.

आज सोमवार आहे. काल मी जाऊन आली.

घरासमोर मांडव होता. तुझा फोटो नोकरीच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून लावलेला, कपाळाला आठ्या तशाच. भन्तेजींनी सुरुवात केली, सगळ्यांनी हात जोडून शीलं म्हटली. मलाही आता पाठ झाली आहेत, तुझ्या घरच्या किती कार्यक्रमांत ऐकली. चौथं शील खोटं न बोलण्याचं, तेही मी सगळ्यांसोबत मोठ्यानं म्हटलं.

नंतर प्रज्ञा मला हात धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. तुझी खुर्ची तिथंच होती. पोरीचं तोंड पार सुकून गेलं होतं. तिच्या मामीनं मला आधीच सांगितलं होतं की पोरगी आली तेव्हापासून धड जेवली नाही. ती म्हणाली, "मावशी, आई गेली त्याच्या आधल्या रविवारी फोनवर म्हणे, कंबर दुखते, खुर्चीतच बरं वाटते. मी वैतागली. मी म्हटलं, तुझी नेहमीचीच कारणं आहेत, पुण्याला यायचं नसलं का तुला काहीतरी दुखते. अन् फोन ठेवला. मावशी, मले एकच सांगा. तिच्याकडं पाह्यून कळत होतं का? मी आली असती तं मले दिसलं असतं का?"

मी तोंड उघडलं. जिन्यापासून सांगायचं ठरलं होतं.

"नाई," मी म्हटलं. "काई दिसत नव्हतं. मी बाजूलेच बसली होती. चांगली होती तुही आई."

"मंग त्या गोळ्या?"

"बीपीच्या असतात त्या. अर्ध्या गावाच्या घरी असतात."

माझा आवाज हलला नाही. केसपेपरवर सही करताना हात हलत नाही तसा. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमाले दिसलं नाई म्हणजे मंग कोणालेच दिसलं नसतं. आई म्हणे, माह्याएवढी नजर एका संगीतेचीच हाय."

हे तू कधी म्हणाली? कोणाला म्हणाली? मला का नाही म्हणाली, ताई? आठ महिन्यांत एकदा, चावी मागता मागता, म्हणून टाकायचं होतं.

मी तिच्यासाठी खोटं बोलली असं कोणीही म्हणेल, पोरीच्या जिवावरचं ओझं उतरवलं म्हणेल. तू म्हणणार नाही. खरं सांगितलं असतं तरी तिचं ओझं उतरलंच असतं. तिनं फोन ठेवला, पण मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्यापेक्षा माझा दोष कितीतरी मोठा. ते ओझं माझ्याकडं घ्यायचं होतं. मी घेतलं नाही. तुझ्यासारखं सगळ्यांसमोर "चूक माझी" म्हणायला जे लागते ते माझ्यात नाही. तुझी नजर तू मला दिली, बाकीचं दिलं नाही, किंवा मी घेतलं नाही.

प्रज्ञा बाहेर गेली आणि पंगतीत बसली. वरण-पोळी खाल्ली, मामीनं आणखी वाढली, तीही खाल्ली. मग ती माणसामाणसाला सांगत फिरली. संगीता मावशी निरोपाच्या दिवशी आईजवळच होत्या, त्यांनी पाह्यलं होतं, आईले काही त्रास नव्हता. लोकांनाही बरं वाटलं. तुझा भाऊ आला, आपल्या वार्डातली आया आली, त्या दोन नव्या मुली आल्या. सगळ्यांनी मला येऊन विचारलं, खरंच का हो सिस्टर, काहीच नव्हतं?

प्रत्येकाला मी हो म्हटलं.